पुराच्या रेघेच्या वर

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या ओसरीत, उजव्या हाताच्या भिंतीवर, माझ्या छातीइतक्या उंचीवर एक फिकट तपकिरी आडवी रेघ आहे. ती २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराची आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. त्यानंतर भिंतीला दोनदा रंग दिला, तरी ओल धरली की रेघ पुन्हा उमटते. तिसऱ्यांदा आईने रंगवू दिली नाही. राहू दे, म्हणाली, पुढच्यांना कळेल पाणी कुठवर येतं ते. त्या रेघेच्या वीतभर खाली सिमेंटने बुजवलेली चार भोके दिसतात. तिथे आमच्या घराचा जुना विजेचा डबा, म्हणजे मेनवरून आलेली वीज खोल्याखोल्यांना वाटणारा डबा, होता. नवा डबा रेघेच्या हातभर वर आहे. तो खालून वर कसा गेला आणि जाताना आतून कसा बदलला, ते लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण घरातली सर्वांत धोक्याची आणि सर्वांत कमी उघडून पाहिली जाणारी जागा कोणती असे मला कोणी विचारले, तर मी त्या डब्याकडेच बोट दाखवीन.

गेल्या डिसेंबरात आईचा पुण्याला फोन आला. "ओसरीत सकाळी सकाळी काहीतरी कुजल्यासारखा वास येतोय. कपाटामागं पाल मेली असेल. तू आलास की कपाट सरकवू." दोन दिवसांनी पुन्हा बोलणे झाले, तेव्हा ती सहज म्हणाली की वास फक्त सकाळीच येतो, दुपारी नसतो. तेवढ्या एका वाक्यावर मी रात्रीची गाडी धरली. मेलेली पाल दिवसभर वास मारते. आंघोळीच्या वेळी येणारा आणि दुपारपर्यंत विरून जाणारा, खारवलेल्या मासळीसारखा वास हा बहुधा तापलेल्या प्लॅस्टिकचा असतो. कारखान्याच्या देखभाल विभागात बावीस वर्षे काढलेल्या माणसाला तो वास फोनवरूनही कळतो. निघण्यापूर्वी तिला दोनच गोष्टी सांगितल्या: गिझर लावू नकोस आणि डब्याला हात लावू नकोस.

कारखान्यातले पॅनेल आणि घरातला डबा यांत फरक आहे, आणि घरच्या कामाला परवानाधारक वायरमनच हवा, म्हणून पोचल्यावर सर्वांत आधी मी वायरमनकाकांना बोलावून आणले. १९८६ साली आमच्या घराचे लाकडी पट्टीवरचे वायरिंग काढून भिंतीतल्या पाइपांत घातले ते त्यांनीच. आता ते सत्तरी ओलांडून गेले आहेत, पण हात अजून स्थिर आहे. त्यांनी मेन स्विच बंद केला आणि मग जे केले ते मी कारखान्यात नव्या मुलांना शंभरदा सांगितले असेल. होल्डरला दोन वायरी लावलेला आपला टेस्टचा बल्ब त्यांनी आधी मेनच्या वरच्या बाजूला, जिथे वीज असणारच तिथे, पेटवून पाहिला. मग खालच्या बाजूला लावला, तो पेटला नाही. मग पुन्हा वरच्या बाजूला लावून तो अजून पेटतो आहे याची खात्री केली. बल्ब मधल्या मधे उडाला असेल तर तो न पेटणे म्हणजे वीज नाही असे होत नाही. एवढे झाल्यावरच त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले.

आतले दृश्य मी विसरणार नाही. तळाशी पुराचा गाळ वाळून त्याचा पापुद्रा झाला होता. वीज आणणाऱ्या फेजच्या आणि ती परत नेणाऱ्या न्यूट्रलच्या सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, लाल, आणि कोणती कुठून येते ते कळू नये अशा एकमेकींत गुंतलेल्या. एका एमसीबीच्या, म्हणजे जास्त वीज गेली की आपोआप पडून ती तोडणाऱ्या खटक्याच्या, तोंडात दोन वायरी कोंबलेल्या, आणि त्या मावाव्यात म्हणून एकीच्या अर्ध्या तारा कापून टाकलेल्या. एक एमसीबी काढून टाकलेली जागा उघडीच होती आणि तिच्यातून आत शिरलेल्या पालीची अंडी कोपऱ्यात पडलेली होती. वास मात्र त्यांचा नव्हता. न्यूट्रलच्या पितळी पट्टीवर चौथ्या भोकात गिझरची वायर होती. तिचे आवरण दोन बोटे लांबीपर्यंत काळे पडून कडक झाले होते, जवळचा स्क्रू निळसर दिसत होता, आणि काकांनी पेचकस लावून तो फिरवला तेव्हा काहीही जोर न लावता तो पाऊण आटा फिरला.

इथे थोडे थांबतो, कारण सैल जोडणीबद्दल लोकांचा जो समज आहे तो जीवघेणा आहे. लोकांना वाटते, काही बिघडले तर एमसीबी पडेलच. एमसीबी दोन गोष्टी पाहतो. वायरला सोसवेल त्याहून जास्त वीज बराच वेळ गेली, तर आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि खटका पाडते. एकदम शॉर्ट झाले, तर आतली गुंडाळी क्षणात चुंबक होऊन तो पाडते. १९२४ साली जर्मनीत ब्राऊन बोव्हेरी कंपनीने याचे पेटंट घेतले, तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. आता आमचा गिझर पाहा. ३ किलोवॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १३ अँपिअर घेणारा. त्या सैल स्क्रूखाली समजा ओहमच्या दीड दशांशाइतका, म्हणजे ०.१५ ओहम, रोध तयार झाला. तेराचा वर्ग १६९, त्याला ०.१५ ने गुणले की २५ वॅट होतात. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात डाग देण्याची जी सोल्डरिंगची कांडी असते, ती २५ वॅटचीच असते. म्हणजे रोज सकाळी गिझर चालू असेपर्यंत आमच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या आवरणाला टेकून, सोल्डरिंगची तापलेली कांडी ठेवलेली होती. एमसीबीच्या दृष्टीने सगळे ठीकच होते. २० अँपिअरच्या एमसीबीतून १३ अँपिअर जात होते. तो का पडेल?

सैल जोडणी पकडणारे यंत्र साध्या घरगुती डब्यात नसते. ती पकडतो तो आवळणाऱ्याचा हात आणि पाहणाऱ्याचा डोळा. ब्रिटनमध्ये घरोघरी हे डबे बराच काळ प्लॅस्टिकचे होते. लंडनच्या अग्निशमन दलाने डब्यांपासून लागलेल्या आगींकडे लक्ष वेधले, आणि त्यांतही सैल जोडण्यांचा दोष वारंवार पुढे आला. जानेवारी २०१६ पासून तिथल्या वायरिंगच्या नियमांनी घरगुती डबा न जळणाऱ्या वस्तूचा, म्हणजे व्यवहारात पत्र्याचा, हवा असे ठरवले. आपल्याकडे पत्र्याचा डबा पूर्वीपासून रुळलेला आहे ही चांगली गोष्ट आहे. पण पत्रा आग आत कोंडून धरतो, स्क्रू आवळत नाही.

स्क्रू सैल कसा झाला, याचे उत्तर भिंतीवरच्या रेघेत होते. २०१९ मध्ये डबा तीन दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरले तेव्हा सगळे गाव अंधारात होते, काकांचे स्वतःचे घर पुरात गेल्यामुळे ते छावणीत होते, आणि मदतीला आलेल्या कुणीतरी डबा पुसला, केस वाळवण्याच्या यंत्राने सुकवला आणि वीज चालू करून दिली. त्या दिवसांत त्या माणसाने किती घरांत उजेड आणला असेल ते मला माहीत आहे, म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण बुडालेला एमसीबी सुकवून वापरायचा नसतो. त्याच्या आत स्प्रिंगा आहेत, चुंबकाची गुंडाळी आहे, संपर्काचे बारीक ठिपके आहेत. गाळ तिथे बसला की पडायच्या वेळी तो अडकतो, आणि बाहेरून तसूभरही फरक दिसत नाही. वायरी धुऊन, सुकवून, मेगरने, म्हणजे आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, ५०० व्होल्टला तपासून निदान १ मेगाओहम रोध मिळाला तर ठेवता येतात. एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की ती तोडणारा खटका, मात्र टाकूनच द्यायचे. पितळी पट्ट्यांवरही गंज चढला होता. ओले आणि सुके, थंड आणि गरम, असे फेरे होत होत स्क्रू आपली पकड सोडत गेला असणार.

म्हणून दुरुस्ती न करता सगळेच नव्याने करायचे ठरले. जागाही बदलायची. रेघेच्या वर.

काकांचे काम पाहणे हा मला लहानपणापासून मिळालेला आनंद आहे आणि या वेळी मी त्यांचा मदतनीस होतो. आमची खरेदी चोख होती: दाराचा पत्र्याचा डबा, दोन आरसीसीबी, नवे एमसीबी, दिव्यापंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, स्वयंपाकघराला आणि गिझरला चारची. जुनी माणसे अजून वायरला तीन-बावीस, सात-बावीस म्हणतात, म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा किंवा सात तारा. काका दुकानदाराशी त्याच भाषेत बोलले आणि दुकानातल्या मुलाला ती कळली नाही, तेव्हा मी चौरस मिलिमीटरमध्ये उल्था केला. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. रंगांवर काकांनी अजिबात तडजोड केली नाही. कमी पडलेल्या काळ्या वायरीसाठी ते स्वतः सायकलवर जाऊन आले. घरात लाल वायरीचा शिल्लक तुकडा होता, तो वापरू का असे मी विचारले, तर म्हणाले, "आज तुला म्हाईत हाय ती न्यूट्रल हाय म्हणून. दहा वर्षांनी जो उघडंल त्याला कोण सांगणार?"

डब्याच्या पत्र्यात वायरी आत घेण्यासाठी ठोकून पाडायची भोके असतात. भोक पाडल्यावर त्याची कड वस्तऱ्यासारखी राहते. काकांनी प्रत्येक कड कानशीने घासली, तिच्यात रबरी कडे बसवले, आणि मगच वायर ओढली. वायर ओढताना आवरणाला कडेचा ओरखडा बसला तर तो दिसत नाही, आणि पुढे कधीतरी डब्याचा अख्खा पत्राच फेजला लागतो. आत आल्यावर प्रत्येक वायरीला त्यांनी तळाशी एक सैलसा वळसा ठेवला. हे मला कारखान्यात कुणी शिकवले नव्हते. वायरीचे टोक पुढे कधी जळाले, तुटले, तर कापून नव्याने सोलायला बोटभर लांबी हाताशी हवी, म्हणून तो वळसा. आमच्या जुन्या डब्यात गिझरची वायर इतकी तंग होती की जळका भाग कापला असता तर ती पट्टीपर्यंत पोचलीच नसती.

मग सोलणे. हे अगदी जवळून पाहण्यासारखे आहे. काका आधी एमसीबीच्या तोंडात काडेपेटीची काडी घालून खोली मोजत, काडीवर नखाने खूण करत, आणि वायर नेमकी तेवढीच सोलत. जास्त सोलली तर तांबे बाहेर उघडे राहते. कमी सोलली तर स्क्रू तांब्यावर न बसता आवरणावर बसतो, आणि हा दोष जास्त वाईट, कारण बाहेरून तो नीटनेटका दिसतो. बारीक तारांच्या मऊ वायरीला त्यांनी पिन लग, म्हणजे टोकावर बसणारी धातूची टोपी, चढवून दाबला, म्हणजे तारा फिसकटत नाहीत आणि एखादी तार बाहेर राहून शेजाऱ्याला शिवत नाही. स्क्रू आवळला की ते वायर धरून ओढत. नुसती हलवत नसत, खरोखर ओढत. सगळे झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकेक स्क्रूवर पेचकस फिरवला, आणि त्यांतले चार स्क्रू किंचित फिरले. तारांच्या वायरी दाबाखाली रात्रीतून बसतात आणि स्क्रूला जागा होते. म्हणून एकदाच आवळणे पुरत नाही.

आता नीटनेटकेपणाबद्दल. पुण्यात एका नव्या इमारतीत एका परिचितांनी मोठ्या कौतुकाने आपला डबा उघडून दाखवला होता. वायरी कंगव्याने विंचरल्यासारख्या, दर दोन इंचांवर पट्टीने करकचून बांधलेल्या, कोपरे काटकोनात. फोटो काढावा असे काम. पण मी जवळून पाहिले तेव्हा एका एमसीबीत स्क्रू आवरणावर बसला होता, आणि फेजच्या वायरी एका जुडीत इतक्या घट्ट बांधल्या होत्या की एकीची उष्णता दुसरीला लागावी. ते काम दाखवण्यासाठी केलेले होते. काकांच्या डब्यातल्या वायरी इतक्या सरळ नाहीत. पण तिसऱ्या एमसीबीची फेज ज्या खोलीला जाते, त्या खोलीची न्यूट्रल पट्टीच्या तिसऱ्या भोकात आहे आणि अर्थिंगही अर्थिंगच्या पट्टीच्या तिसऱ्याच भोकात आहे. मला तरी नीटनेटकेपणा म्हणजे हाच वाटतो. दार उघडणाऱ्या अनोळखी माणसाला अंधारात, हातात विजेरी धरून, बोट ठेवत ठेवत एखादी वायर वाचता आली पाहिजे. गुंता वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते तपासले जात नाही. आमची गिझरची न्यूट्रल त्या लाल गुंत्यात नसती, वेगळी आणि काळी असती, तर पाच वर्षांत कुणाच्या तरी डोळ्यांना तिचे तपकिरी होत जाणे दिसले असते.

या कामात आणखी एक गोष्ट उघडी पडली. आमच्या घराला अर्थिंग नव्हते. होते असे आम्ही सगळे धरून चाललो होतो, कारण तीन पिनांचे प्लग होते आणि हिरवी वायरही होती. १९८६ साली ती हिरवी वायर नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली होती, जसे त्या काळी पुष्कळ घरांत असे. पुढे कधीतरी पाइप गंजले आणि प्लंबरने ते काढून प्लॅस्टिकचे घातले. पाणी चांगले येऊ लागले, सगळे खूश झाले, आणि त्या दिवसापासून फ्रीजचा, गिझरचा आणि वॉशिंग मशीनचा पत्रा जमिनीशी जोडलेला राहिला नाही. वीज जात नाही, दिवा विझत नाही, काहीच होत नाही. अर्थिंग गेल्याचे घराला कळत नाही, ही त्याची सगळ्यात भीतीदायक गोष्ट आहे.

परसात खड्डा घेतला. कृष्णाकाठची काळी माती, ती खणायला सोपी आणि ओल धरून ठेवणारी. मुरमाच्या जमिनीत याच कामाला दुप्पट कष्ट पडतात आणि उन्हाळ्यात घागरभर पाणी ओतत राहावे लागते. अडीच मीटरचा पाइप उभा उतरवला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, आणि अर्थिंगचा रोध मोजणारा टेस्टर लावला तेव्हा साडेतीन ओहम आले. काकांना ते पुरेसे वाटले आणि मलाही. पण हिशेब केला तर चांगले अर्थिंगसुद्धा एकट्याने पुरत नाही. २३० भागिले साडेतीन म्हणजे साधारण ६५ अँपिअर, आणि पलीकडे ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा रोध धरला तर त्याहून कमी. १६ अँपिअरचा घरगुती, सी-कर्व्ह नावाच्या प्रकारचा एमसीबी क्षणात पडायला पाचपट ते दहापट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. मिक्सरच्या पत्र्यात फेज उतरली, तर तो पडेपर्यंत काही सेकंद जातील, आणि अर्थिंग वीस ओहमचे असेल तर जेमतेम साडेअकरा अँपिअर जातील आणि तो पडणारच नाही.

म्हणूनच आरसीसीबी. त्याच्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच कड्यातून जातात. गेली तितकी वीज परत आली तर कड्यात काहीच घडत नाही. कुठे गळली, पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेली, तर तेवढा फरक पडतो आणि खटका उघडतो. आईला काकांनी ते असे सांगितले: "वहिनी, पाटातनं सोडल्यालं पाणी शेवटच्या सरीला तेवढंच पोचाय पायजे. न्हाई पोचलं तर मधे बांध फुटलाय. ह्यो बांध राखणारा गडी." घरासाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअरची असते आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी हाच आकडा आहे. हा आकडा माणसाच्या शरीरावरून आलेला आहे. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर मोजमापे करून किती विजेपर्यंत माणसाला हातातली तार सोडता येते ते शोधले होते. सरासरी पुरुषांत १६ मिलिअँपिअर, स्त्रियांत साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. ३० मिलिअँपिअरला झटका बसतोच, हात आखडतोच, पण खटका सेकंदाच्या तीन दशांशांच्या आत आणि गळती मोठी असेल तर त्याहून खूप लवकर उघडतो, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडण्याआधी. एक मात्र लक्षात ठेवायला हवे: कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरली, तर आरसीसीबीला काहीही वेगळे दिसत नाही. गेली तितकी परत आली, एवढेच त्याला दिसते.

आम्ही तळमजल्याला एक आणि माडीला एक असे दोन आरसीसीबी घातले होते, कारण पुन्हा पाणी आले तर खालचे बंद करून वर उजेड ठेवता यावा. प्रत्येकाची न्यूट्रलची पट्टी वेगळी. संध्याकाळी वीज चालू केली. स्वयंपाकघर, देवघर, माडी, सगळे लागले. आई जिन्याचा दिवा लावायला गेली आणि खालचा आरसीसीबी पडला. पुन्हा चढवला, पुन्हा दिवा लावला, या वेळी वरचा पडला. कधी हा, कधी तो. जिन्याचा दिवा ९ वॅटचा एलईडी, निदान ३९ मिलिअँपिअर घेणारा. एवढ्याशा दिव्याने घर अंधारात जात होते.

काका जिन्याच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे माझंच." १९८६ साली जिन्यात वायर कमी पडली, तेव्हा दिव्याची फेज त्यांनी खालून घेतली होती आणि न्यूट्रल जवळ पडते म्हणून माडीवरच्या दिव्याची जोडली होती. त्या काळी सगळ्या घराची न्यूट्रल एकच होती, म्हणून चाळीस वर्षे ते कुणाला कळले नाही. आता वीज खालच्या आरसीसीबीतून जात होती आणि वरच्यातून परतत होती, आणि दोघांनाही वाटत होते की गळती झाली. अशा वेळी दुसरा कुणी आरसीसीबी काढून टाकतो, घरात "सारखा पडतो" म्हणून सांगतो, आणि तिथेच ती सुरक्षा संपते. पूर्वी फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालत, आणि आता १६ चा एमसीबी पडतो म्हणून अडीचच्या वायरीवर ३२ चा बसवतात, त्यातलाच हा प्रकार आहे. काकांनी रात्री साडेआठला जिन्याचे जंक्शन उघडले, खालून नवी काळी वायर ओढली आणि जुनी जोड तोडून तिच्या दोन्ही टोकांना टोप्या घातल्या. मी नको म्हणालो होतो, उद्या करू म्हणालो होतो. ते ऐकले नाहीत.

इन्व्हर्टर माडीवर आहे. त्याच्या डब्यावर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिले की मेन बंद केला तरी यात वीज असते. पुरात लोक मेन पाडून निर्धास्त होतात आणि इन्व्हर्टरची लाइन जिवंत राहते, हे काकांनी २०१९ मध्ये शेजारच्या गल्लीत पाहिले होते. त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत.

डब्याच्या दाराच्या आतल्या बाजूला यादी लावायची होती. मी छापून आणतो म्हणालो, पण आईने एका पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने लिहिली. देवघर. स्वयंपाकघर प्लग. ओसरी व जिना. माडी पुढची. माडी मागची. गिझरसमोर तिने "बंब" लिहिले. ते बदलू का म्हणून मी काकांकडे पाहिले, तर ते म्हणाले, घरात जे म्हणतात तेच लिहायचं, रात्री घाईत तेच आठवतं.

आरसीसीबीवर एक छोटे बटण असते. ते दाबले की आतल्या आत खोटी गळती तयार होते आणि खटका पडायला हवा. महिन्यातून एकदा ते दाबावे, नाहीतर आतले यंत्र वर्षानुवर्षे न हलल्यामुळे आखडू शकते. तारीख लक्षात कशी ठेवायची, असे आईला विचारले, तर तिने आधीच ठरवले होते. दर संकष्टीला चंद्रोदयाच्या आधी ती ओसरीत जाते, डब्याचे दार उघडते आणि आधी खालचे, मग वरचे बटण दाबते. फ्रीजचा आवाज थांबतो. ती दोन्ही खटके पुन्हा वर करते, देवापाशी दिवा लावते आणि मला फोन करते. "दोन्ही पडले," म्हणते, आणि मग बाकीच्या गोष्टी सुरू होतात.